उजवीकडची रेघ

सामना असला की चुन्याची रेघ मी मारतो.
पोत्याला भोक, एका टोकाला दोरी,
दुसऱ्या टोकाला सुताराचा पोरगा खुंटी धरून.
भात कापून झालेला मळा, अजून खुंट टोचतात तळव्यांना.
नऊ वर्षं उजवीकडची रेघ
मध्यंतराला मला पुन्हा मारावी लागायची.
कुस्तोद तिच्यावरूनच पळायचा,
अर्धा पाय आत, अर्धा बाहेर,
आणि झेंडा उचलू की नको, या विचारात लाइन्समन असताना
चेंडू गोलसमोर पोचलेला.

तो गेला.

बातमी पोदेराच्या सायकलवरून आली, पोयांबरोबर, गरम.
संध्याकाळी मिंगेलच्या बारमध्ये खुर्च्या पुरेनात.
आम्ही सोड्याचे क्रेट उलटे करून बसलो.

"कोलकात्यानं उचलला," इनास म्हणाला, "लाखांत."
"लाखांत? गुडघा बघितलायस त्याचा?"
हा पुंडलिक कंपाउंडर. त्यानं तो तीनदा बांधला,
तेव्हापासून गावात तो गुडघा त्याच्या नावावर आहे.
"थिवीविरुद्ध कोचनं बाकावर बसवला. वीस मिनिटं.
माणूस जातो तो तेव्हाच. पुढे नुसतं तिकीट काढायचं उरतं."
हे रोमाल्दचं. तो बायकोशी अठ्ठावीस वर्षं भांडतोय
आणि म्हापशाच्या पलीकडे गेलेला नाही.

मग कुणीतरी फायनलची पेनल्टी काढली.
कुणीतरी म्हणजे मीच.
बारवरून गेली होती, थेट केळीत.
त्या दिवशी आम्ही काय काय ओरडलो
ते कुणालाच नीट आठवेना.
मला आठवत होतं. त्याच्या आईपर्यंत गेलो होतो मी.
मी ग्लास फिरवत राहिलो.
"एवढ्यासाठी कोण गाव सोडतं?" इनास म्हणाला,
आणि माझ्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात कुस्तोदची बहीण आली, फिलू,
व्हिनेगरची बाटली भरून न्यायला.
सगळा बार एकदम सभ्य झाला.
"कोलकाता ना?" पुंडलिकनं हळूच विचारलं.
"इंग्लंड. स्विंडन. गोदामात, रात्रपाळी.
पासपोर्ट मार्चमध्येच आला होता. पपाचा जन्म एकसष्टच्या आधीचा."
"आणि फुटबॉल?"
तिनं बाटलीचं बूच घट्ट केलं.
"तिथं थंडी आहे म्हणाला."

मार्च.
म्हणजे पेनल्टीच्या आधी.
म्हणजे पासपोर्ट कपाटात ठेवून
तो अख्खा हंगाम आमच्यासाठी पळत होता.

ती गेल्यावर रोमाल्द म्हणाला,
"कोलकात्याला गेला असता तर बरं झालं असतं.
टीव्हीवर बघून शिव्या तरी घालता आल्या असत्या.
गोदामातल्या माणसाला काय म्हणायचं? खोका नीट बांध?"
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.
मग सतरा नंबरच्या शर्टावरून वाद पेटला.
सातचा फाटला म्हणून त्याला सतरा मिळाला होता, तो.
इनास म्हणे, क्लबात काचेत लावूया.
पुंडलिक म्हणे, धुऊन सुताराच्या पोराला द्या, तो पळतो बरा.
"बरा?" "बराच." "तू त्याचा गुडघा बघितलास?"
मिंगेलनं अर्धं शटर ओढलं,
तरी बाहेर फटफटीपाशी चाललंच होतं.

रविवारी बरोबरी झाली, शून्य-शून्य.
मध्यंतराला सवयीनं पोतं उचललं
आणि उजवीकडे गेलो.
रेघ सकाळी मारली तशीच होती,
एका जागी बगळ्याची पावलं, बस.
मी उगाच थोडा वेळ वाकून उभा राहिलो.
लाइन्समननं विचारलं, "काय हरवलं?"

चुना उरला.
घरी आणून माडांच्या बुंध्यांना लावला, चारही.
बायको म्हणाली, आज हे कसं सुचलं?
म्हटलं, उरला होता.