साइड ऱ्हिदम

गुरुवारी माग बंद असतात,
म्हणून तालीम गुरुवारी, गड्डमच्या कारखान्यात,
टॉवेलांचे गठ्ठे सरकवून.
भिंतीवर कापसाची लव, पंख्यावर कापसाची लव,
सायलसच्या व्हायोलिनच्या पोटात फुंकर मारली
तर तिथूनही निघते.

मी सगळ्यात मागं.
माझ्याकडं त्रिकोण, खुळखुळा, घुंगरांचा पट्टा
आणि खरखर वाजणारं एक लाकूड, ज्याचं नाव
आमच्यात कुणालाच धड येत नाही.
एका गाण्यात माझे चार ठोके.
बाकी वेळ मोजायचं.
मोजणं मला येतं. आई विड्या वळायची,
हजाराच्या हजार, आणि छाट किती निघाली
ते घरी येऊन माझ्याकडून पुन्हा मोजून घ्यायची.

मोजताना माणसं दिसतात.
श्रीदेवी हिरेमठ, की-बोर्डवर,
डावा हात मोकळा झाला की मोबाइल बघते:
सासऱ्यांच्या इन्सुलिनची वेळ.
मौलालीची दिवसा रिक्षा. सिग्नलला उभा असला
तरी उजवा पाय चालूच,
बायका म्हणतात, भाऊ, ब्रेक ठीक आहे ना?
गेनसिद्ध ट्रंपेट घेऊन लग्नसराईत गायब,
तिकडं पैसे मिळतात, इकडं चहा.
बोल्ली सर गणिताचे. हातात खडू घेऊन ताल देतात,
शेवटच्या समेला तो तुटतो
आणि सगळे वाट बघत असतात त्याचीच.

क्लॅरिनेट राजेशममामांचं.
एकेचाळीस वर्षं मागावर.
मामा चप्पल काढून बसतात, शहाबादीवर तळपाय टेकून,
थंडीतसुद्धा.
आम्हाला वाटायचं, श्रद्धा.

एकदा लाइट गेली.
अंधारात कुणीतरी हसलं, सर म्हणाले थांबा,
थांबलो.
मामा वाजवतच होते.
मौलालीचा पायही, सवयीनं, धप्प, धप्प,
आणि त्या धपधपीवर क्लॅरिनेट एकटंच चाललेलं,
अर्धी मात्रा मागं, पण सुरात, काय सुरात!
पाय थांबला तसे मामा थांबले.
"एमायिंदि?" केवढ्यानं ओरडले,
शेजारचा कुत्रा भुंकला.

कुणी काही बोललं नाही.
पुढच्या गुरुवारी मौलालीनं ड्रम ओढला
मामांच्या खुर्चीच्या पायाला टेकवून.
जागा नव्हती, म्हणाला.
जागा चिक्कार होती.

हळूहळू अर्धी मात्रा मागं
आम्ही सगळेच गेलो.
सरांचा खडूसुद्धा.

मग गड्ड्यात कार्यक्रम मिळाला.
मंडपवाल्यानं ड्रम उंचावर चढवला, पार तिकडं,
खाली लाल गालिचा, गालिच्याखाली माती.
बाजूला मौत का कुआँ, मोटारसायकली गरगर,
भज्यांचा धूर, पाळण्यावरच्या पोरींची किंचाळी.
मामांनी चप्पल काढली.
तळपाय टेकवला. उचलला. परत टेकवला.
मातीतून काही येईना.
मी पाहिलं ते सरांकडं बघताना,
पोर वर्गात उत्तर शोधतं तसं.

त्रिकोण ठेवला खाली.
जाऊन मागं उभी राहिले, हात ठेवला
मामांच्या पाठीवर, दोन फऱ्यांच्या मधे,
स्वेटरवरून, आणि मोजलं.
बोटांनी. एक, दोन, तीन, चार.
क्लॅरिनेट सुरू झालं ते हाताला आधी कळलं, कानाला नंतर.

त्या दिवशी माझे चार ठोके वाजले नाहीत.
कुणी विचारलंही नाही. टाळ्या पडल्या,
थोड्या आमच्या, थोड्या बहुतेक
कुआँवाल्याच्या.

क्लॅरिनेट पुसून, तीन तुकडे करून
मामांनी टॉवेलात गुंडाळलं. माझ्याकडं बघितलं.
मी वाट बघत होते, म्हणजे
काहीतरी म्हणतील याची.
"हात गार हाय तुझं," मामा ओरडले, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
"आन् अर्धी मात्रा मागं होतीस तू."