पेटी क्रमांक एक

टीकाराम नाकाड्यांची पेटी
अर्जुनीच्या वाचनालयात आली,
कडीला कुलुपाऐवजी सुतळी.
मी नोंद करतो:
मालिकेचे भाग चारशे बारा, हस्तलिखित.
समासात लाल शाईनं जागोजाग ‘हशा’.
मला हसू आलं ते भलतीकडेच.

चॅनेलचं पत्र, एक:
‘मावशीचं काहून काढा, प्रेक्षकांना कळत नाही.’
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं
काहून काहून काहून
पार खालच्या कडेपर्यंत.

तेव्हा रात्री नऊला
आमची लाईन हटकून जायची.
मुंबई हसायची म्हणे.
आम्ही त्यांच्या आईच्या ओट्यावर जमायचो,
‘काय झालं असन वं आज?’
ती मनानंच सांगायची,
मोह वेचता वेचता जीभ सैल सुटलेली,
आणि अंधारात बाया
पदर तोंडात कोंबायच्या.

तळाशी आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा.
‘बाबू, आज मी असं सांगतलो…’
खाली त्यांच्या लाल खुणा,
भाग एकशे नऊ, भाग एकशे तीस.

आईला लिहिता येत नव्हतं.
अक्षर माझं आहे,
सातवीतलं, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट.

लेखक हा रकाना
सध्या पेन्सिलीनं भरलाय.