बुंध्याचा बाक

झाड जिथे मातीत शिरतं
तिथे ते थोडं वळतं, मुळाकडे कलतं.
तो बाक हात-दीड हाताचा. तेवढाच आमच्या कामाचा.
वरचं सगळं सरपण, बाबा म्हणायचे,
आणि किल्कोरनमधली अर्धी घरं
त्या सरपणावर हिवाळा काढायची.

हर्ली म्हणजे काठी नव्हे.
काठी कुणीही मोडून आणेल.
हर्लीच्या पात्यात लाकडाची नस
वळणाबरोबर वळलेली असावी लागते.
सरळ फळीतून कापलीत तर पहिल्याच टोल्याला
दांडा हातात, पातं कुंपणापलीकडे.

अ‍ॅशची झाडं शेंड्याकडून गेली.
आधी पानं काळवंडली, मग डहाळ्या,
मग खोडावर डाग, पत्त्यातल्या चौकटसारखा.
कोन्लेथ मॅकिनर्नी, माझे बाबा,
सत्तेचाळीस वर्षं रंधा ओढलेला माणूस,
रोज एकेक खोड ठोकून बघायचे
डॉक्टर पाठ ठोकतो तसं,
आणि न बोलता पुढे जायचे.

बांबू मी मागवला.
पट्ट्या एकावर एक डकवलेल्या, गुळगुळीत, मधाच्या रंगाच्या.
चार वर्षांत पुन्हा उगवतो, मी म्हटलं.
त्यांनी फळी नाकाशी नेली. "वास नाही."
अंगठ्याने कड चाचपली. "चिकटवलंय कशानं?"
कागद होता माझ्याकडे. गोंद साधा, वाफ विषारी नाही.
"आणि आणलं कशानं?"
जहाजानं.
"जहाज काय खातं?"

हे त्या कागदावर नव्हतं.
रात्री हिशेबाच्या वहीत मी नवा रकाना आखला:
लाकूड, मजुरी, पत्र्याची पट्टी, जहाज.
शेवटचा अजून कोराच आहे.

तोवर दारावर पाटी लावली:
मोडकी आणा.
लोक लाजत आणायचे, कोटाखाली झाकून,
गहाण ठेवायला आल्यासारखे.
नोरा टुब्रिडी नवऱ्याची घेऊन आली, माळ्यावरची,
दांड्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: १९७४, हरलो.
"नीट करा, पण हे खोडू नका."
एकीचा दांडा, दुसरीचं पातं,
बाबा दोन मेलेल्यांची एक जिवंत करायचे.
भुसा नोराच्या कोंबड्यांखाली गेला.
व्हर्निश बंद केलं, आता जवसाचं तेल;
वाळायला तीन दिवस, पोरं कुरकुरतात,
कुरकुरू देत.

लासरीना, माझी भाची, चौदाखालच्या संघात
बांबू घेऊन उतरली त्या रविवारी
बाबा गाडीतच बसले, काच खाली, डोळे मिटून.
अ‍ॅश टक्क वाजतो. हा टण्ण वाजला.
मध्यंतराला म्हणाले, "सूर उंच आहे,"
आणि तिला हाक मारली.
मला वाटलं, आता हिसकावून घेणार.
त्यांनी खिशातून चाकू काढला,
मुठीजवळ दोनदा खरवडलं, बोटानं पुसलं.
"आता खेळ."
आम्ही तरीही हरलो. चार गुणांनी.

हॅनराहनच्या बांधावर एक अ‍ॅश हिरवा राहिलाय.
आजूबाजूचे बारा गेले, हा का नाही, कुणी सांगत नाही.
त्याला कुणीतरी पत्र्याचा बिल्ला ठोकलाय.
ऑक्टोबरात मी त्याच्या पंखवाल्या बिया वेचल्या,
डबाभर. दोन हिवाळे त्या नुसत्या झोपतात मातीत.
मग हर्लीएवढा बुंधा व्हायला तीस वर्षं.
बाबा एकाहत्तरचे. मी हा हिशेब मोठ्यानं केला नाही.

त्यांनी फुटका टब ओढून आणला,
माती चाळली, गुडघ्यावर बसले.
कधी उगवतील, विचारलं नाही.
"दाट पेर," म्हणाले,
"वर सरळ जातील.
खाली काय वळायचं ते
त्यांचं त्यांना ठाऊक असतं."
मग हात पुढे केला, मला उठव म्हणून,
आणि उठताना थोडं माझ्याकडे कलले.