लसणाचा वास

एर्मेलिंदा दगडावर हातोडी मारते
आणि तुकडा माझ्या नाकाशी धरते.
लसूण.
"सोमल आहे," म्हणते, "हुंगायचा, चाखायचा नाही."
झेझेरे नदीच्या वरच्या अंगाला तिचं घर,
चुलीवरून उतरलेली मक्याची भाकरी
अजून फडक्यात वाफ सोडते आहे.

तीस कोटी वर्षांपूर्वी
या डोंगराखाली ग्रॅनाइट चढत आला
आणि वर पोचायच्या आधीच दमला.
त्याला उन्हात कुणी पाहिलेलं नाही.
थिजता थिजता त्यानं अंगातलं पाणी सोडलं.
जे जे त्याच्या घरात मावेना,
कथील, टंगस्टन, बोरॉन, सोमल,
ते सगळं त्या पाण्याच्या पाठीवर.
पाणी तरी कसं म्हणावं?
उकळीच्या कितीतरी पुढचं, खारट,
वरच्या ओझ्यानं
वाफ व्हायचीही मुभा नसलेलं.
ज्यानं सोडलं त्याचाच माथा त्यानं आधी खाल्ला,
फेल्डस्पार मोडून अभ्रक करून ठेवलं,
मग वरच्या शिस्टला खांदा लावला.
डोंगर केसभर उचलला गेला.
त्या आडव्या फटीत
पंगत बसली.

पहिल्यांदा अभ्रक, भिंतीला पाठ टेकून.
टुर्मलीनच्या सुया तर
शेजारच्या खडकात न बोलावता घुसलेल्या.
मग वुल्फ्राम, काळं, पात्यापात्यांचं, पोटात जड,
कथील त्याच्या मांडीला मांडी लावून.
पाणी निवत गेलं
तसा सोमल आला, गंधकाचं बोट धरून,
मागोमाग तांबं, जस्त,
अगदी शेवटी, उष्टी काढायच्या वेळी, कार्बोनेटं.
आणि गारगोटी सगळ्यांच्या मधून फिरणारी,
वाढपी.

हे मी सांगत होतो.
ती भाकरी मोडत होती.
"फिर्मीनु म्हणायचा,
वीतभर शिरेसाठी पुरुषभर डोंगर काढायचा.
उरलेला तो बघ तिथं."
खिडकीबाहेर राखाडी ढीग, त्यावर गवतही धरत नाही.

लढाईच्या वर्षांत तिची आई
रात्री चाळण घेऊन ओढ्यात उतरायची, चोरून.
काळोखात काळा दगड कसा दिसायचा?
"दिसत नाही. मनगट सांगतं."
इंग्रज घ्यायचे, जर्मनही घ्यायचे.
आईनं त्या पैशांतून
एक शिलाई मशीन घेतलं आणि एक डुक्कर.

मग ती आत जाऊन पाकीट आणते.
कोव्हिल्याँच्या इस्पितळातला फिर्मीनुच्या छातीचा फोटो.
खिडकीसमोर धरते.
काळ्या फुफ्फुसांत पांढरे ठिपके,
खांद्यांकडे दाट.
"ही बघ," म्हणते, "तुझी वाढपी."

मी गप्प.
इथं गरम पाणी नव्हतं. नुसता श्वास,
तेवीस वर्षांचा,
कोरड्या ड्रिलसमोरचा.
फट सापडली की भरायची,
तिला एवढंच येतं.

पाकिटाची घडी ती जुन्याच दुमडीवर घालते.
मुलगा लियाँला. महिन्याला पैसे येतात, तो येत नाही.
"तुझ्या त्या ग्रॅनाइटसारखाच," म्हणते.
"खाली कुठंतरी आहे म्हणतात.
मला फक्त त्यानं पाठवलेलं दिसतं."

आणि भाकरी पुढे सरकवता सरकवता
माझा हात धरते:
"धू आधी. सोमल लागलाय."