दोनशे बारावा प्रयोग

तिसऱ्या घंटेला मी श्रीमंत होतो.
वाळकेश्वरला बंगला, समुद्राकडे तोंड करून;
एकुलती एक मुलगी, इंदुमती;
अंगात रेशमी गाऊन, ज्याचं अस्तर
बंडू ड्रेपरीवाल्यानं सेफ्टी पिनांवर तोललंय.
नाइट तीन हजार. मागच्या चार अजून बाकी.

पहिल्या अंकात निनाद येतो,
वाकून नमस्कार करतो आणि उठता उठता
झुंबराकडे बघतो.
झुंबर प्लास्टिकचं आहे.
तरी मला दर वेळी राग येतो, खराखुरा,
कानशिलापासून सुरू होणारा.
"त्याला तू नको आहेस, इंदू.
त्याला या घराच्या पायऱ्या हव्यात."
इथं टाळी पडते. गिरगावात जरा जास्तच.
काही बाप उभे राहून वाजवतात.

तो लबाड आहे की नाही,
लेखकानं कुठंच लिहिलेलं नाही.
तालमीत मी विचारलं होतं. दिग्दर्शक म्हणाला,
तुम्ही संशय घ्या, बाकीचं प्रेक्षक बघून घेतील.
घेतला.
दोनशे अकरा वेळा घेतला,
काठीवर भार टाकून, खर्जात.

आज ऋजुता थांबली.
तिचं वाक्य होतं, "बाबा, तुम्हाला माणसं कळतात."
आलंच नाही.
प्रॉम्प्टरनं विंगेतून दिलं, पुन्हा दिलं,
पुढच्या दोन रांगांना तरी ऐकू गेलं असणार.
ती निनादकडे बघत नव्हती.
माझ्याकडे बघत होती,
मी त्याच्याकडे बघतो तशी,
पायापासून वर, किंमत करत.
मग म्हणाली वाक्य. पण शेवटी
एक प्रश्नचिन्ह होतं, पुस्तकात नसलेलं,
आणि माझी पुढची टाळी
कुणीतरी खोकण्यात गेली.

मिशी सोडवताना स्पिरिट ओठाला झोंबतं.

शलाकाचं ठरलं तेव्हा आम्ही डोंबिवलीत,
भाड्याच्या दोन खोल्यांत.
मुलगा आला, चपला जिन्यातच काढून,
नखांत ग्रीस, हातात अर्धा किलो पेढे.
मी खर्ज लावून बसलो होतो.
भुवई चढवली. घरभर नजर फिरवली,
हा नक्की काय न्यायला आलाय म्हणून.
मिक्सर होता. तोही हप्त्यावर.
नाटकातलं एक वाक्य बसेना.
शेवटी विचारलं,
"जेवून जाणार ना?"

आतून पोरगी ओरडली,
"बाबा, भात कमी आहे."