एका भिंतीचं भुयार

यामिनी फेगडेनं हिशेबाची वही पालथी घातली
आणि म्हणाली, भिंत एकच परवडेल.
भुयार सात मजली. भिंत एक.
बाहेर भुसावळचा मे, सत्तेचाळीस,
कूलरमधला वाळा कोरडा,
कॉम्प्युटर कुत्र्यासारखा धापा टाकतोय.
संगीतवाल्या नाशिककराचे चाळीस हजार गेले,
राक्षसापुरते उरले तीन, म्हणजे राक्षस अर्धाच:
शेपटी आहे, तोंड नाही.

लहानपणी धनूमामाच्या दुकानात
एक चरे पडलेली जपानी डिस्क होती.
अक्षरं कोणालाच येत नव्हती,
आम्ही मेन्यू जागेवरून ओळखायचो:
वरून दुसरं म्हणजे औषध,
खालून पहिलं म्हणजे पळा.
त्यात एक गुहा होती, निळी.
समुद्रापलीकडच्या देशात तीच गुहा, हिरवी.
शेवटी शेवटी तांबडी.
वळणं तीच, पेटाऱ्यांच्या जागाही त्याच.
मला वाटायचं, गुहेला राग चढत चाललाय.
वाटायचं, नायक कितीही लांब गेला
तरी त्याची गुहा त्याच्या मागून चालत येते.

वीस वर्षांनी कळलं, पैसे संपले होते.
तिकडेही कुठल्यातरी तिसऱ्या माळ्यावर
कोणीतरी अशीच वही पालथी घातली असेल
आणि रंगाचा डबा उघडला असेल.
हे कळूनही
ती तांबडी गुहा मला अजून तापलेलीच आठवते.

यामिनी म्हणते, आपणही रंग बदलू.
मी म्हणतो, नको.
मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलोय.
ओळीत बत्तीस दारं. पिवळा चुना, हिरवं दार, एक खिडकी.
कोण्या साहेबानं एक घर काढलं आणि बाकीची छापली.
पहिलीत असताना मी झोपेंच्या घरात शिरलो,
दप्तर टाकलं, जेवायला बसलो,
अर्धी कळण्याची भाकर पोटात गेल्यावर
लक्षात आलं, ही आई आपली नाही.
ती वाढतच होती.
"खाय ना भो, तुही माय काही पयून नही चालली."

वडील सिग्नलला. रात्री तीनला सुटायचे.
बॅटरीतले सेल रेल्वेचे, ते घरी यायला जाळायचे नाहीत.
अमावस्येलाही दार चुकले नाहीत.
विचारलं, तर म्हणाले, नळ.
आपला नळ गळतो, खाली तेलाचा डबा.
बाकीच्यांच्या खाली बादल्या.
आख्ख्या यार्डाच्या तारा दुरुस्त करणाऱ्या माणसानं
एक वॉशर एकोणीस वर्षं बदललं नाही.

म्हणून चौथ्या मजल्यावर मी एक नळ ठेवला.
तो दिसत नाही, दिसण्याला पैसे पडतात.
फक्त थेंब, पत्र्यावर, मोबाईलनं टिपलेला.
कोपऱ्यातला नकाशा काढून टाकला.
मग भिंत, भिंत, तीच भिंत.

यावलचा रमजान तडवी खेळून बघायला बसला, वय तेरा.
दोन तास फिरला. मला, यामिनीला, भिंतीला शिव्या घातल्या.
मग अचानक गप्प झाला,
कंट्रोलर मांडीवर ठेवला
आणि मान तिरकी केली.
अगदी तशीच.

राक्षस काही झाला नाही.
सातव्या मजल्यावर आता एक हिरवं दार आहे.
ठोठावलं की आतून माझ्या आईचा आवाज येतो: "कोन?"
एवढाच. एका शब्दाचं मानधन म्हणून
तिनं गॅसचा नंबर लावून घेतला,
आणि वर विचारलं, मंग? दार उघडतं का नाही?

यामिनीनं वही पाहिली.
पूर्ण उघडायला बारा चित्रं लागतात.
आपल्याकडे चार आहेत.

चारात
फटीएवढं उघडतं.