असावे

तुर्कूच्या वाचनालयात, तिसऱ्या मजल्यावर,
नोव्हेंबरात चारलाच काळोख पडतो तेव्हा,
आम्ही सातजण एका क्रियापदावर अडलो होतो.
मसुद्याचं कलम चार, पोटकलम दोन:
प्रत्येक बटणाला नाव असावे.
की, असलेच पाहिजे?

मी इतिवृत्त लिहीत होते. मला मत नव्हतं.
कोण काय म्हणालं ते लिहायचं,
कोण कुठे बघत होतं ते नाही.

सिर्का म्हणाली, ‘असावे’त नम्रता आहे.
ब्राउझरवाल्यांकडून आलेला आर्व्हो म्हणाला,
‘पाहिजे’ म्हटलं की जुनी लाखो पानं
एका रात्रीत गुन्हेगार ठरतील.

सर्वांत तरुण यूसो. तो नवं अवजार दाखवायला आला होता.
नुसतं सांगा, आणि चहा गाळेपर्यंत पान तयार;
रकाने आपापली जागा धरतात,
फोनवर, टीव्हीवर, फ्रिजच्या दारावरसुद्धा.
आम्ही मनापासून वाहवा केली.
मी शिकले तेव्हा सगळं तक्त्याच्या खणांत कोंबायचो,
एक कोपरा गोल करायला
चार चित्रं कापायचो.

मग हीटरजवळ बसलेल्या रायलीने
कानातली वायर उपटली, म्हणाली, ऐका.

‘बटण,’ तिचं यंत्र बोललं. ‘बटण. चित्र. बटण. बटण.’
डब्यात वाटाणे ओतावेत तसं, भराभर.
मग गप्प.
इथे, ती म्हणाली, एक जागा आहे
जी बटण असंसुद्धा म्हणत नाही.
इथे काहीच नाही.
मार्चात बहिणीच्या दफनाला बेटावर जायचं होतं.
बोटीचं तिकीट या काहीच-नाहीच्या पलीकडे.
शेजारचा मुलगा शाळेतून येईपर्यंत
बोट भरली.

आवाज चढला नाही तिचा.
बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

मी पडद्याकडे पाहिलं:
निळं, गोलसर, सावलीसकट, आत पांढरा बाण,
दाबलं की किंचित दबतंही.
रूप बटणाचं, ढंग बटणाचा,
कुळात मात्र बटण कुणी नाही.
साधी चौकट, सोंग घेऊन उभी.
नाव नव्हतं, म्हणून नाव गेली.

तळाशी, बारीक अक्षरांत, बनवणाऱ्याचं नाव होतं.
यूसोचे कान लाल झाले.
रायलीचं यंत्र तिथवर कधी पोचलंच नसावं.
इतिवृत्तात मी लिहिलं: चर्चा झाली.

हात वर केले. तीन विरुद्ध तीन.
यूसोचा हात ‘पाहिजे’साठी;
सकाळी तो ‘असावे’वाल्यांत होता.
सिर्का म्हणाली, मे महिन्यात पुन्हा पाहू.
खुर्च्या सरकल्या, कोट चढले,
कुणीतरी दालचिनीचा उरलेला पाव रुमालात बांधून घेतला.

मे महिन्यात रायली सगळ्यांच्या आधी आली.
ऐक, म्हणाली.
‘बेटाची बोट. जागा राखा. बटण.’
पुन्हा ऐकवलं. हसली.
कुठे जायचंय? मी विचारलं.
कुठेच नाही.

तिची पाठ वळल्यावर मी पानाची मूळ लिपी उघडली.
चौकट काढून तिथे बटण लिहिलं होतं,
आणि बाणाला, डोळ्यांना न दिसणारं, एक नाव.
सगळी मिळून दीड ओळ.
वर एक टीप, फक्त वाचणाऱ्या माणसांसाठी:
मार्च.

मी ते कुणाला सांगितलं नाही. इथे सांगतेय.

बघ, रायली कोट काढता काढता म्हणाली,
सिर्का आता म्हणेल, ‘असावे’नेही होतंच की.
होतं ना.
ज्याला लाज वाटते त्याच्याकडून होतं.
बाकीच्यांचं काय?

यूसो आला, दारातच थबकला,
मग तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.
मी नवं पान घेतलं, तारीख घातली.
कलम चार, पोटकलम दोन.
प्रत्येक बटणाला नाव
एवढं लिहून
पुढची जागा मोकळी ठेवली.